फिरत्या तबकडीचा वेग आणि सुराचें सत्य

चाक फिरविणें सोपें आहे. तें ठरलेल्या वेगानें फिरत ठेवणें कठीण आहे. कुंभाराच्या चाकाचा वेग हळूहळू उतरला तरी मडकें बिघडत नाहीं, कारण कुंभाराचा हात त्या उतरत्या वेगाशीं जुळवून घेतो. जात्याचा वेग बदलला तर पीठ थोडें जाड किंवा बारीक येईल, एवढेंच. परंतु ज्या चाकावर माणसाचा आवाज लिहिलेला आहे, त्या चाकाचा वेग शंभरांत पांच-सहांनीं जरी चुकला, तरी गाणाराची पट्टी बदलते, गाण्याची लय बदलते आणि आवाजाची जातही बदलते. सुईनें वाचल्या जाणाऱ्या तबकडीपासून प्रकाशानें वाचल्या जाणाऱ्या तबकडीपर्यंत जी प्रगति झाली, तिचा इतिहास पुष्कळ अंशीं हा वेग ताब्यांत ठेवण्याचा इतिहास आहे. आणि महाराष्ट्राच्या व गोमंतकाच्या संगीताशीं त्याचा फार जवळचा संबंध आहे.

हा प्रश्न नीट समजण्यासाठीं यंत्रशाळेंत जाण्याची गरज नाहीं. खळ्यावर गेलें तरी पुरे. बीड जिल्ह्यांत बालाघाटच्या पठारावर पाटोदा हें तालुक्याचें गांव आहे. ज्वारीच्या त्या मुलुखांत मळणीयंत्रें येण्यापूर्वीं मळणी बैलांच्या पायांनीं होत असे. खळ्याच्या मध्यभागीं तिवडा रोवावयाचा, त्याला बैलांची पात जोडावयाची आणि पसरलेल्या कणसांवरून ती गोल फिरवावयाची. तिवड्यालगतचा बैल आणि कडेचा बैल एकाच पातीला जुंपलेले असल्यामुळें दोघांचा फेरा एकाच वेळीं पुरा होतो. परंतु आंतला बैल तिवड्यापासून तीन हातांवर आणि बाहेरचा नऊ हातांवर असेल, तर त्याच वेळांत बाहेरच्याला तिप्पट वाट चालावी लागते. आंतला रेंगाळला तरी चालतें. कडेच्याला मात्र झपझप पावलें टाकावीं लागतात. फेऱ्यांचा वेग एक, पण पावलांचा वेग निराळा, हें तत्त्व ध्यानीं धरलें म्हणजे तबकडीचें पुष्कळसें शास्त्र उलगडतें. फेऱ्यांचा वेग कायम ठेवावा कीं पावलांचा, हाच त्या शास्त्रांतील मुख्य वाद होय.

१८७७ सालीं थॉमस एडिसन यानें फोनोग्राफ तयार केला. त्यांत आवाज उमटत असे तो नळकांड्यावर. नळकांड्याचा घेर सर्वत्र सारखा. त्यामुळें फेरा आणि पाऊल हा भेद तेथें उद्भवतच नव्हता. एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं ग्रामोफोनचें पेटंट मिळविण्यासाठीं अर्ज केला आणि पुढें सपाट तबकडी प्रचारांत आणली. एका साच्यावरून अशा तबकडीच्या हजारों प्रती काढतां येत, हा तिचा मोठा गुण. परंतु तिच्याबरोबर खळ्याचा प्रश्नही यंत्रांत शिरला. शिवाय प्रारंभींचीं यंत्रें हातानें फिरवावीं लागत. फिरविणाराचा हात थकला कीं गवयाचा सूर उतरे, आणि त्याला उत्साह आला कीं सूर चढे. गाणें गवयाचें, पण सुराची मालकी हात फिरविणाराकडे, अशी ती विलक्षण स्थिति होती.

ती बदलली अमेरिकेंतील कॅमडेन गांवच्या एल्ड्रिज जॉन्सन या यंत्रकारानें. १८९६ च्या सुमारास त्यानें बर्लिनरच्या यंत्रासाठीं किल्लीची चांगली मोटर तयार केली. किल्ली दिलेली कमान पूर्ण ताणलेली असतांना जोर अधिक लावते व सैल होत जाते तसा तिचा जोर घटतो. म्हणून केवळ कमान असून भागत नाहीं, तिला लगाम हवा. तो लगाम म्हणजे नियामक. पातळ पोलादी पट्ट्यांवर तीन लहान गोळे बसविलेले असतात. दांडा वेगानें फिरूं लागला कीं गोळे बाहेर फेंकले जातात, पट्ट्या वांकतात आणि त्यांच्या ओढीनें एक चकती सरकून चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घासूं लागते. घर्षण वाढतें, वेग उतरतो. वेग उतरला कीं गोळे आंत येतात आणि घर्षण सुटतें. जेम्स वॅट यानें १७८८ सालीं वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला होता. त्याचाच हा लहान वंशज दिवाणखान्यांतील पेटींत येऊन बसला. यंत्रानें स्वतःची चूक स्वतः जाणून ती स्वतः सुधारावी, ही कल्पना पुढील सर्व इतिहासाचें बीज आहे.

१९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि हिंदी गायनाच्या व्यापारी ध्वनिमुद्रणास मोठ्या प्रमाणावर आरंभ झाला. गौहरजान हिच्या आवाजाच्या तबकड्या त्याच मोहिमेंतल्या. मुद्रणाचे साचे जर्मनींतील हॅनोव्हर येथें पाठवून तेथें प्रती काढीत. कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाला तो १९०८ सालीं. गाण्याच्या शेवटीं गाणारानें आपलें नांव मोठ्यानें सांगावयाचें अशी तेव्हां रीत होती. साता समुद्रांपलीकडील कामगारास तबकडी कोणाची हें कळावें, एवढाच तींत हेतु; परंतु आज तेच दोन शब्द संशोधकाच्या उपयोगी पडतात. गाणें कोणत्याही पट्टींत असूं शकतें. साध्या बोलण्याचा सूर मात्र वेग चुकला तर चटकन् कृत्रिम वाटूं लागतो.

असा पुरावा शोधावा लागतो याचें कारण, तबकडीवर पुढें जो ७८ फेऱ्यांचा आंकडा रूढ झाला तो प्रारंभीं सर्वत्र पाळला जात नव्हता. मुद्रणाचीं यंत्रें वजनाच्या ओढीवर चालत आणि त्यांचा वेग मुक्कामागणिक थोडाबहुत बदले. मिनिटास ७० च्या आसपासपासून ८० च्या वरपर्यंत निरनिराळ्या वेगांनीं भरलेल्या तबकड्या आढळतात. समजा, एखादें गाणें ७४ फेऱ्यांवर भरलें आणि ७८ वर वाजविलें. वेग शंभरांत सुमारें साडेपांचांनीं वाढला. पेटीवरील एका पट्टींतून लगतच्या पट्टींत जाण्यासाठीं शंभरांत सुमारें सहांची वाढ लागते. म्हणजे गवई काळी एकमध्यें गायला असला तरी ऐकणाराला तो जवळजवळ पांढरी दोनमध्यें गात असल्याचा भास होईल; आणि तीन मिनिटांचें गाणें सुमारें नऊ सेकंद आधीं संपेल.

हा केवळ आंकड्यांचा खेळ नव्हे. मिरजेस स्थायिक झालेले खांसाहेब अब्दुल करीमखां यांच्या आवाजाच्या कांहीं तबकड्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या आहेत आणि कांहीं १९३७ सालीं ते निवर्तले त्यापूर्वींच्या थोड्या वर्षांतल्या. तारुण्यांतील आवाज आणि उतारवयांतील आवाज यांची तुलना करावी असें कोणाही अभ्यासकास वाटेल. परंतु पट्टी चढली किंवा उतरली असें म्हणण्यापूर्वीं दोन्ही वेळचीं यंत्रें किती वेगानें फिरत होतीं हें ठरवावें लागतें. नाहीं तर यंत्राचा दोष गवयाच्या गळ्याच्या नांवावर जमा होतो. तीच गोष्ट बालगंधर्वांची. १८८८ मध्यें जन्मलेल्या आणि १९६७ मध्यें निवर्तलेल्या या नटाला रंगभूमीवर पाहिलेली पिढी आतां उरलेली नाहीं. स्त्रीभूमिकेंत त्यांचा आवाज कसा होता, हें नव्या पिढीला मुख्यतः तबकडीच सांगणार. ती थोडी जलद फिरली तर आवाज अधिक बारीक होतो आणि स्त्रीसारखा वाटतो. थोडी मंद फिरली तर तो जड होतो. दोन्ही वेळां श्रोत्याचें मत बनतें, आणि दोन्ही वेळां तें चुकीचें असतें.

नाट्यपदांच्या बाबतींत एक साक्षीदार मदतीस येतो. तो म्हणजे साथीची पेटी. पेटीचे स्वर बांधलेले असतात. दोन पट्ट्यांच्या मध्यें तिला स्वर नाहीं. तबकडींतून ऐकूं येणारा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मध्यें पडूं लागला, तर वेगाविषयीं संशय घ्यावा. जुन्या पेट्या सर्व एकाच मापानें लावलेल्या नसत, म्हणून ही साक्ष निर्णायक नव्हे. परंतु गाणाराचें वय, त्याची प्रसिद्ध पट्टी, त्याच मुक्कामांतील इतर तबकड्या आणि शेवटचें बोलणें यांच्या जोडीला ती ठेवली म्हणजे निर्णयाच्या जवळ जातां येतें. मुंबईंत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेनें १९९० च्या दशकापासून जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांना एकत्र आणलें. अशा संग्रहांवांचून ही तुलना शक्यच झाली नसती.

घरगुती यंत्राचा वेग पाहण्याची एक सुंदर युक्ति पुढें निघाली. वाटोळ्या कागदावर कडेनें ७७ काळ्या रेघा समान अंतरावर काढावयाच्या आणि तो कागद तबकडीवर ठेवून विजेच्या दिव्याखालीं फिरवावयाचा. हिंदुस्थानांतील वीज सेकंदास ५० आवर्तनांची. तिच्यावरील दिवा सेकंदास १०० वेळां लुकलुकतो. वेग मिनिटास सुमारें ७७.९ फेऱ्यांचा झाला कीं प्रत्येक लुकलुकीस एक रेघ बरोबर मागील रेघेच्या जागीं येते आणि फिरता कागद डोळ्यांना स्थिर दिसतो. रेघा पुढें सरकल्या तर वेग जास्त, मागें सरकल्या तर कमी. वीजघरांतील प्रचंड यंत्राचा ठेका अशा रीतीनें माजघरांतल्या तबकडीला माप म्हणून मिळाला.

आतां खळ्याच्या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाकडे वळावयाचें. फेऱ्यांचा वेग अगदीं अचूक राखला तरी पावलांचा वेग बदलतोच. दहा इंची तबकडीच्या कडेशीं सुईखालून सेकंदास सुमारें ३८ इंच खांच सरकते. आंतल्या टोकाशीं त्याच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्याच सुराच्या लाटा तेथें दाटीवाटीनें कोंबाव्या लागतात आणि गाण्याच्या अखेरीस आवाजाची स्वच्छता उणावते. बाहेरील प्रशस्त जागा मात्र उधळली जाते. नोएल पेम्बर्टन बिलिंग या इंग्रज गृहस्थानें १९२२ च्या सुमारास यावर उपाय काढला. सुई जसजशी आंत जाईल तसतसे फेरे जलद व्हावे आणि पावलांचा वेग कायम राहावा, अशी योजना करून त्यानें दीर्घ काळ चालणाऱ्या तबकड्या विकावयास काढल्या. त्यासाठीं प्रत्येक गिऱ्हाइकानें आपल्या यंत्राला निराळें उपकरण जोडावें लागे. विचार बरोबर होता. पण तो पेलणारा नियामक तेव्हांच्या यंत्रविद्येजवळ नव्हता, आणि तो व्यापार बुडाला.

तोच विचार अर्ध्या शतकानंतर प्रकाशाच्या तबकडींत सफल झाला. १९७८ सालीं अमेरिकेंत लेसरनें वाचावयाची चित्रतबकडी विक्रीस आली. तिच्या दोन जाती होत्या. एका जातींत फेरे कायम, मिनिटास १८००. प्रत्येक फेऱ्यांत एक चित्र, म्हणून हवें तें चित्र स्थिर धरतां येई, परंतु एका बाजूस अर्ध्या तासाचाच मजकूर मावे. दुसऱ्या जातींत पावलें कायम. फेरे १८०० वरून ६०० पर्यंत उतरत जात आणि एका बाजूस एक तास मावे. १९८२ सालीं जपानांत विक्रीस आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनें पावलांचा पक्ष घेतला. तिच्यावरील वाट आंतून बाहेर जाते. पाव मीटर नव्हे, पावलामागें केवळ मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावे असे खळगे तिच्यावर असतात. एका मिलिमीटरांत अशा सहाशेंहून अधिक ओळी बसतात आणि सारी वाट उलगडली तर पांच किलोमीटरांहून लांब भरते. ती लेसरच्या किरणाखालून सेकंदास सुमारें सव्वा मीटर या ठराविक गतीनें जावी लागते. त्यासाठीं आरंभीं मिनिटास सुमारें ५०० फेरे आणि कडेशीं सुमारें २०० फेरे, असा वेग सतत उतरवीत न्यावा लागतो.

हा वेग राखतो कोण? येथेंच खरी क्रांति आहे. तबकडीवरील मजकुरांतच सेकंदाला ७३५० खुणा येतील अशी लेखनाची रचना केलेली असते. यंत्रांत एक स्फटिकाचें घड्याळ असतें. खुणा घड्याळापेक्षां लवकर येऊं लागल्या तर मोटर मंद होते. उशिरा येऊं लागल्या तर जलद होते. शिवाय वाचलेला मजकूर थेट ध्वनि न होतां आधीं एका लहान स्मृतींत सांठतो. मोटेचें पाणी थारोळ्यांत उसळत पडतें, पण हौदांतून पाटाला जातें तें एकसारखें जातें. तसाच हा प्रकार. हौद भरूं लागला तर मोट सावकाश, आटूं लागला तर जलद. ग्रामोफोनमध्यें मोटर हीच घड्याळ होती, म्हणून मोटरची चूक ती सुराची चूक होई. येथें मोटर पाणक्या झाली आणि सूर स्फटिकाच्या हवालीं गेला.

पुढें हीच तबकडी संगणकाचा मजकूर सांठविण्यास वापरूं लागले, तेव्हां लोकांना घाई झाली. मूळ वेगाच्या ५२ पटींपर्यंत वाचणारीं यंत्रें निघालीं. इतक्या घाईंत क्षणोक्षणीं फेरे बदलणें मोटरला झेपेना. म्हणून जलद यंत्रांनीं पुन्हां खळ्याचा मार्ग धरला, म्हणजे फेरे कायम ठेवून पावलांचा बदल सोसला. मिनिटास दहा हजारांच्या घरांत फेरे गेल्यावर चिरलेली तबकडी यंत्रांतच फुटल्याचेही प्रकार झाले. जुन्या तबकडीची प्रकृति तपासावयाची असेल तर ही घाई विशेष घातक. मूळ वेगानें वाचतांना दर सेकंदास सरासरीनें २२० हून कमी सदोष तुकडे असावे, अशी कॉम्पॅक्ट डिस्कची मर्यादा ठरलेली आहे. फार जलद फिरवून मोजणी केली तर तबकडीचा किंचित् वांकडेपणा आणि यंत्राचा थरकांप यांचेही दोष तींत मिसळतात, आणि निरोगी तबकडी रोगी ठरते. वाचतांना अडखळलें कीं पुष्कळ यंत्रें आपण होऊन वेग उतरवितात. म्हणून तपासणी बेताच्या आणि नोंदविलेल्या वेगानें करावी. कोणत्या वेगानें केली हें न सांगितलेल्या तपासणीची दुसऱ्या तपासणीशीं तुलना होऊं शकत नाहीं.

वेग नोंदवून ठेवण्याचें महत्त्व ज्या तबकडीनें सर्वांत ठळक केलें, तिच्यावर एका गोमंतकीय गायिकेचा आवाज आहे. केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ सालीं गोव्यांतील केरी गांवीं झाला. बालपणीं कांहीं महिने त्यांना कोल्हापुरांत अब्दुल करीमखांची तालीम मिळाली आणि पुढें अल्लादियाखां यांच्या दीर्घ तालमींत त्यांची गायकी सिद्ध झाली. त्यांच्या भैरवींतील ‘जात कहां हो’ ही चीज व्हॉयेजर यानांवरील तबकडीसाठीं निवडली गेली. कार्ल सेगन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळानें केलेली ही सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तांब्याची तबकडी १९७७ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत दोन यानांबरोबर अंतराळांत गेली. तिच्यावर ५५ भाषांतील अभिवादनें असून त्यांत मराठीही आहे. दुसरें यान ५ सप्टेंबरला उडालें. १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईंत निवर्तल्या.

ही तबकडी मिनिटास १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे करील तरच गाणें खरें उमटेल. म्हणजे एका फेऱ्यास ३.६ सेकंद हवेत. परंतु ज्याच्या हातीं ती पडेल त्याला सेकंद म्हणजे काय हें कसें कळावें? सेकंद हा पृथ्वीवरील मनुष्यांचा संकेत. म्हणून वेष्टणावर तबकडीचें चित्र कोरून त्याभोवतीं एका फेऱ्याचा काळ लिहिला, तो हायड्रोजनच्या अणूच्या मापानें. त्या अणूच्या एका ठराविक संक्रमणाचा काळ सेकंदाच्या अब्जांशापेक्षांही कमी, सुमारें ०.७ अब्जांश, असतो. एका फेऱ्यांत असे सुमारें ५११ कोटी काळ मावतात. हायड्रोजन विश्वांत सर्वत्र आहे, म्हणून हें माप कोठेंही चुकावयाचें नाहीं. तबकडीवर शंभराहून अधिक चित्रेंही रेघारेघांनीं लिहिलीं आहेत आणि त्यांतलें पहिलें चित्र साधें वर्तुळ आहे. तें वाटोळें उमटलें म्हणजे वाचणारानें आपण चित्र बरोबर जुळविलें असें समजावें.

तरी त्या सुवर्णतबकडीला एक मर्यादा आहे. केसरबाईंचें गाणें मूळ ग्रामोफोनच्या तबकडीवर भरलेलें होतें. तेथून तें नव्या तबकडीवर उतरलें. वेष्टणावरील सूचना अणूइतकी अचूक असली, तरी ती दुसऱ्या प्रतीचा वेग सांगते. पहिल्या प्रतीवरून नक्कल करतांना वेग चुकला असता तर ती चूक कोणत्याही अणूनें सुधारली नसती. आज घरोघरीं पडलेल्या जुन्या तबकड्यांवरून ज्या नकला उतरविल्या जात आहेत, त्यांना हाच नियम लागू आहे. मूळ तबकडी एक दिवस फुटेल किंवा झिजेल. मागें राहील ती नक्कल, आणि तिचा सूर हाच त्या गवयाचा सूर म्हणून पुढील पिढ्या ऐकतील. म्हणून नक्कल करणारानें आधीं पेटीशीं षड्ज ताडून पाहावा, गाणाराची पट्टी जाणणाराचा सल्ला घ्यावा, आणि शेवटीं कोणता वेग धरला आणि कां धरला, हें दोन ओळींत नकलेबरोबर लिहून ठेवावें. त्याचा निर्णय चुकला असला तरी त्या दोन ओळींच्या आधारें पुढला अभ्यासक तो दुरुस्त करूं शकेल.